रेसिंगच्या कॉकपिटवर विमान: अवजारांच्या वर्कशॉपने केलेल्या कामाचा अभिप्राय

घरी असलेला रेसिंग सिम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर गाडी चालवण्याच्या खेळाचा, सांगाडा संगणकावरचे विमान चालवण्याजोगा करून घेण्याचे काम मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वरुड तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या एका वर्कशॉपकडे दिले होते. हे वर्कशॉप मुळात शेतीच्या अवजारांचे आहे. वखर आणि डवऱ्याच्या पासांना धार लावणे, ट्रॉलीचा हूक बसवणे, संत्र्याच्या बागेतील ठिबकच्या फिल्टरसाठी स्टँड तयार करणे अशी कामे तिथे दिवसभर चालतात, आणि सिम्युलेटर हा शब्द माझ्या कामाच्या निमित्तानेच तिथे प्रथम उच्चारला गेला. आता सहा महिने हा सांगाडा मी आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी वापरतो आहे, तेव्हा कामाबद्दल जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. माझे मत आधीच सांगतो: रडर (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा हलता भाग) चालवणाऱ्या पेडलचे काम उत्कृष्ट झाले, स्टिकच्या (विमान कलवण्याच्या दांड्याच्या) आणि थ्रॉटलच्या (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरच्या) बैठकीचे काम चांगले झाले, फिनिशिंग साधारण राहिले आणि वेळ पाळली गेली नाही. लोखंड, मजुरी आणि रंग मिळून ७,४०० रुपये लागले. सेन्सर, चुंबक आणि सर्किटचे सुमारे ९०० रुपये मी वेगळे खर्च केले.

मूळ सांगाडा ४० × ४० मिलिमीटरच्या एमएस स्क्वेअर पाइपचा आहे. त्यावर भंगारातून आणलेली मारुती ८०० ची सीट तिच्या सरकत्या पट्ट्यांसह बसवलेली आहे, पुढे लॉजिटेक जी२९ चे स्टिअरिंग आणि खाली त्याचे तीन पेडल आहेत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरच्या एटीआर ७२ विमानाने मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, आणि त्यानंतर वर्गात मुलांचे प्रश्न विमानाकडे वळले. विमान वळते कसे, वैमानिकाचे पाय काय करतात, जमिनीवर धावताना त्याला दिशा कशी दिली जाते, या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर आकृती काढून देण्यापेक्षा मुलांच्या पायाखाली देता यावीत, ही या सगळ्या खटाटोपामागची खरी इच्छा होती.

ज्यांच्याकडे रेसिंगचा सेट आधीच आहे त्यांना सर्वात आधी असे वाटते की, स्टिअरिंग म्हणजे विमानाचा योक (वैमानिकासमोरचे हँडल) आणि पेडल म्हणजे रडर, मग नवीन काही करायचेच कशाला. मीही पहिले दोन आठवडे तसाच प्रयोग केला, आणि तो का फसतो हे नीट सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. जी२९ चे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते. विमानाचा योक डावी-उजवीकडे मिळून जेमतेम पाव ते अर्धा फेरा फिरतो. सॉफ्टवेअरमधून स्टिअरिंगचा फेरा कमी करता येतो, पण दुसरी अडचण कुठल्याही सेटिंगने जात नाही. योक पुढे ढकलला की विमानाचे नाक खाली जाते आणि मागे ओढला की वर येते, आणि स्टिअरिंग ना पुढे जाते ना मागे येते. त्यामुळे नाक वर-खाली करण्याचे काम बटणांवर टाकावे लागते, आणि बटणांनी विमान उतरवणे म्हणजे डाव एका बाजूला आणि पातेले दुसऱ्या बाजूला ठेवून भाजी परतण्यासारखे आहे.

पेडलांची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांना एकत्र करून एकच अक्ष, म्हणजे संगणकाला कळणारी एकच हालचाल, तयार करण्याची सोय आहे. ती चालू केली की उजवे पेडल दाबल्यावर रडर उजवीकडे जातो, मधले दाबल्यावर डावीकडे जातो आणि पाय उचलले की मध्यावर येतो. ज्यांना नुसते उडून पाहायचे आहे त्यांनी एक रुपयाही खर्च न करता हे अवश्य करून पाहावे. मात्र जी२९ च्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा आहे. गाडीचा ब्रेक खऱ्यासारखा कडक लागावा म्हणून तो तिथे मुद्दाम ठेवलेला आहे आणि गाडीसाठी तो अगदी योग्य आहे. विमानात त्याचा परिणाम असा होतो की उजव्या पायाला हलके आणि डाव्या पायाला जड लागते, आणि दोन्ही बाजूंना सारखाच रडर देण्यासाठी दोन पायांना दोन वेगवेगळे जोर शिकावे लागतात. सेसना १७२ सारख्या एका पंख्याच्या छोट्या विमानात वैमानिकाच्या बाजूने पाहिले असता पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे ओढले जाते आणि उजव्या पायाने ते सावरावे लागते. उजवे पेडल हलके असल्याने तेवढे जमते. अडचण येते ती उतरताना, जेव्हा दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात.

खऱ्या विमानात दोन्ही रडर पेडल एकमेकांशी जोडलेली असतात. डावे पुढे गेले की उजवे तेवढेच मागे येते. एका पायाने ढकलताना दुसऱ्या पायाने त्याला तोलून धरायचे असते, आणि रडरवरचा ताबा या तोलण्यातूनच येतो. गाडीची पेडल एकमेकांपासून स्वतंत्र असतात. दोन्ही एकदम दाबली तर सिम्युलेटरला रडर मध्यावर असल्यासारखे वाटते आणि पायाला मात्र भलताच निरोप मिळतो. शिवाय त्यांच्यातले अंतर जेमतेम अर्धी वीत असल्यामुळे दोन्ही गुडघे जवळ येतात आणि तासाभराने मांड्या भरून येतात. म्हणून माझा ठाम सल्ला आहे की, ज्यांना रेसिंगच्या सांगाड्यावर विमान गांभीर्याने शिकायचे आहे, त्यांनी पैसे सर्वप्रथम पेडलांवर घालावेत. स्टिक साधी असली तरी चालते. पाय चुकीच्या सवयीला लागले की ती मोडायला फार दिवस लागतात.

हे सगळे मी वर्कशॉपमध्ये जाऊन मिस्त्रींना सांगू लागलो तेव्हा त्यांनी हातातले ग्राइंडर खाली ठेवले आणि मला मध्येच थांबवले. “सर, बाकी सारं मंग पाहू. मले आंधी हे सांगा, त्या इमानात पाय काय करते?” मी खुर्चीत बसून दाखवले. त्यांनी ती खुर्ची ओट्याजवळ ओढली, माझ्या चपला काढायला लावल्या, टाचा जिथे टेकल्या तिथे खडूने दोन खुणा केल्या आणि मला एक पाय ढकलत दुसरा मागे घ्यायला सांगितले. असे आठ-दहा वेळा झाल्यावर पंजा जिथवर गेला तिथे पुढे-मागे रेघा मारल्या. मग त्यांनी बसून, बूट घालून, पुन्हा बूट काढून तेच केले. मी कागदावर काढून नेलेली आकृती त्यांनी घडी करून खिशात ठेवली. काम झाले ते त्या खडूच्या खुणांवरून. सहा महिन्यांनंतर आज मला असे वाटते की, या कामाचा दर्जा त्याच अर्ध्या तासात ठरला.

रडरची रचना अशी आहे. जमिनीलगतच्या चौकटीत एक उभा दांडा दोन ६२०२ बेअरिंगांमध्ये फिरतो. ही १५ मिलिमीटर भोकाची आणि ३५ मिलिमीटर बाहेरील व्यासाची बेअरिंग कुठल्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतात, त्यामुळे उद्या झिजली तरी तालुक्याला जाऊन तासाभरात बदलता येतील. दांड्यावर ३६ सेंटिमीटर लांबीची आडवी पट्टी आहे आणि तिच्या मागे तेवढीच दुसरी समांतर पट्टी आहे. पायाच्या पाट्या या दोन्ही पट्ट्यांना जोडलेल्या असल्यामुळे पट्टी फिरली तरी पाट्या तिरक्या होत नाहीत, सरळ पुढे-मागे जातात. बैलगाडीच्या जुवासारखी एकच पट्टी असती तर प्रत्येक ढकलण्याला घोटा मुरगळल्यासारखा वळला असता. पट्टी दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश फिरते, म्हणजे प्रत्येक पाय मध्यापासून साडेसात सेंटिमीटर पुढे आणि तेवढाच मागे जातो.

पट्टी मध्यावर परत यावी म्हणून मोटरसायकलच्या साइड स्टँडच्या दोन स्प्रिंग लावल्या आहेत. पहिल्या दिवशी त्या फसल्या. मध्यावर पट्टी दोन्हीकडे बोटभर सैल हलायची आणि त्यानंतर एकदम कडक व्हायची, कारण मध्यावर असताना दोन्ही स्प्रिंग ढिल्या होत्या. उडताना रडरचे बहुतेक काम मध्याच्या आसपासच चालते, त्यामुळे नेमक्या त्याच जागी पायाला काहीच न लागणे हा मोठा दोष होता. मिस्त्रींनी पट्टीला दोनदा हलवून पाहिले, हूकाची भोके दोन सेंटिमीटर बाहेर नेली आणि स्प्रिंग पक्कडीने ताणून पुन्हा अडकवल्या. आता मध्यावर असतानाच दोन्ही स्प्रिंग एकमेकींविरुद्ध ताणलेल्या असतात, त्यामुळे पट्टी केसभर सरकली तरी एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल होते आणि पायाला ते लगेच कळते. या दुरुस्तीला पाव तास लागला आणि तिचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पेडलची हालचाल संगणकाला कळवण्याचे काम मी स्वतः केले, आणि त्यातली एक चूक इथे लिहितो, म्हणजे इतरांचे दोन दिवस वाचतील. दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान निओडायमियम चुंबक चिकटवला आहे आणि त्याच्या शेजारी ४९ई हा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाचे क्षेत्र मोजणारा सेन्सर, आहे. चुंबक फिरला की सेन्सरमधून येणारा व्होल्टेज बदलतो आणि आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा बोर्ड तो मोजून संगणकाला जॉयस्टिकचा अक्ष म्हणून कळवतो. या बोर्डवरचा एटीमेगा३२यू४ हा चिप स्वतःच यूएसबी उपकरण म्हणून वागू शकतो, म्हणून प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो हाच बोर्ड घ्यावा, उनो हा बोर्ड घेऊ नये. घासणारा भाग नसल्यामुळे धुळीचा त्रास नाही, आणि आमच्याकडे काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू घरात कुठेही पोहोचतात, तेव्हा ही सोय फार मोलाची आहे. चुंबक फिरताना व्होल्टेज कोनाच्या साइनप्रमाणे बदलतो. २५ अंशांपर्यंत साइन आणि कोन यांच्यात जेमतेम तीन टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे कुठलेही गणित न घालता मोजमाप जवळपास सरळ येते. दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीचा उपयोग दाखवायला मला यापेक्षा चांगले उदाहरण मिळालेले नाही.

चूक झाली ती सेन्सरच्या बैठकीत. मी ती लोखंडी पट्टीची करून घेतली होती. चुंबकाच्या एवढ्या जवळ लोखंड आले की क्षेत्र वाकते, हे शिकवणाऱ्यानेच विसरावे याचे मला वाईट वाटले. प्रत्येक वेळी नट आवळला की मध्याचा आकडा बदलायचा आणि विमान सरळ उडताना हळूहळू एका बाजूला सरकत राहायचे. शेवटी जुन्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या सेक्शनमधून एक तुकडा कापून बैठक केली आणि आकडा स्थिरावला. वर्कशॉपमध्येच जोडणी केल्यामुळे ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा चुंबकाला मिशीसारखा चिकटला होता. तो चिकटपट्टीने काढून वर पाण्याच्या बाटलीचे झाकण बसवले, तेव्हापासून तक्रार नाही. आता पूर्ण चालीला सुमारे ६०० पायऱ्या मिळतात, म्हणजे पाव मिलिमीटर पाय हलला तरी संगणकाला कळते.

बसण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच लिहितो. रेसिंगमध्ये आपण मागे रेललेले असतो आणि पाय पुढे लांब असतात. विमानात पाठ बरीच सरळ लागते आणि टाचा जमिनीवर टेकलेल्या लागतात. सीटच्या पुढच्या बाजूला घातलेले ठोकळे काढून आणि सीट तिच्या पट्टीवर चार खाचे मागे सरकवून हे साधले. गाडीची तीन पेडल आपल्या लाकडी फळीसह दोन बोल्टवर निघतात आणि त्या जागी रडरची चौकट त्याच दोन भोकांवर बसते, हा मिस्त्रींचा विचार मला मनापासून आवडला.

स्टिअरिंगची अडचण त्यांनी ट्रॅक्टरच्या भाषेत सोडवली. स्टिक मध्ये किंवा बाजूला आली की स्टिअरिंग समोर नको असते, आणि ते दर वेळी दोन क्लॅम्प ढिले करून काढत बसले तर प्लॅस्टिक झिजते. त्यांनी स्टिअरिंगची पूर्ण पाटी एका उभ्या पाइपावर बिजागरीसारखी बसवली आणि ती जागेवर धरायला ट्रॅक्टरच्या टॉप लिंकची पिन आणि लिंच पिन वापरली. पिन ओढली की स्टिअरिंग डावीकडे दारासारखे उघडते आणि पाटीला सीटच्या बाजूला दुसरे भोक आहे, तिथे पिन पुन्हा घातली की ते हलत नाही. गाडीतून विमानात जायला मला आता चार ते पाच मिनिटे लागतात, त्यातला बहुतेक वेळ पेडल बदलण्यात जातो.

स्टिक म्हणून मी थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम वापरतो. ती निवडण्याचे मुख्य कारण असे की, तिच्या मुठीचे भाग बदलून ती डाव्या किंवा उजव्या कुठल्याही हाताला लावता येते, आणि रेसिंगच्या सांगाड्यावर ही गोष्ट फार उपयोगी पडते. सांगाड्याच्या उजव्या बाजूला गिअर शिफ्टरची पाटी असतेच. तिथे थ्रॉटल बसवला आणि स्टिक डावीकडे घेतली की एअरबस ए३२० च्या कॅप्टनची जागा जशीच्या तशी तयार होते, कारण त्या विमानात कॅप्टनच्या डाव्या हाताला साइडस्टिक आणि उजव्या हाताला इंजिनांचे लिव्हर असतात. सेसनामध्ये योक असला तरी हातांची वाटणी हीच असते, डावा हात योकवर आणि उजवा थ्रॉटलवर. मी उजखोरा असल्यामुळे पहिले दोन आठवडे डावा हात अडखळला, पण त्यानंतर स्टिक उजवीकडे घ्यावी असे एकदाही वाटले नाही. या स्टिकच्या दोन मुख्य अक्षांना हॉल सेन्सर आहेत, आणि मूठ पिळून रडर देण्याची सोय कुलूप लावून बंद करता येते. वेगळी रडर पेडल असतील तर हे कुलूप जरूर लावावे, नाहीतर हात वळवताना नकळत रडर दिला जातो आणि पायाने शिकलेले सगळे वाया जाते. बेलोऱ्याला येणाऱ्या एटीआरमध्ये मात्र योक असतो, तेव्हा त्या विमानासाठी ही स्टिक म्हणजे केवळ पर्याय आहे, हे मुलांना मी आवर्जून सांगतो.

स्टिकची बैठक पाइपात पाइप सरकवून केलेली आहे, त्यामुळे तिची उंची आणि पुढे-मागेपणा बदलता येतो. सुरुवातीला आतला पाइप बाहेरच्या पाइपात खडखडायचा. नट वेल्ड करून त्यातून एक बोल्ट आत घेतला आणि त्याच्या टोकाला नायलॉनचा तुकडा लावला, तेव्हा तो घट्ट झाला. तरीही स्टिक पूर्ण मागे ओढली की बैठक किंचित लवते. हा दोष राहिला आहे. भिंतीकडून एक तिरका आधार दिला असता तर गेला असता.

फिनिशिंगबद्दल नाराजी आहे ती लिहितो. वेल्डिंगचे मणी घासले गेले नाहीत, एका पाइपाचे कापलेले तोंड तसेच उघडे राहिले आणि माझ्या पुतण्याच्या पोटरीला त्याने चांगलाच ओरखडा काढला. डावी पाटी वेल्डिंगच्या उष्णतेने चार मिलिमीटर वाकली होती. ती मी परत नेली, त्यांनी तापवून सरळ करून दिली. रंग म्हणून रेड ऑक्साइडवर काळा इनॅमल एकच हात दिला गेला. आणि वेळ: आठ दिवसांत देतो म्हणून सांगितलेले काम एकोणतीस दिवसांनी मिळाले. त्या काळात सोयाबीनचे मळणीयंत्र दुरुस्तीला येत होते आणि ज्याचे पीक शेतात उभे आहे त्याचे काम आधी करणे योग्यच होते. माझे म्हणणे एवढेच आहे की, हंगाम पाहून तारीख सांगितली असती तर मी चार वेळा मोटरसायकलवर चकरा मारल्या नसत्या. ज्यांना असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी ते पेरणी आणि काढणी सोडून, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत द्यावे.

जोडणीनंतर संगणकावर एक काम राहते आणि ते न केल्यामुळे अनेकांना सांगाडा बिघडला असे वाटते. सिम्युलेटर जोडलेली प्रत्येक वस्तू ओळखतो आणि तिच्या अक्षांना आपल्या मनाने कामे वाटून देतो. स्टिअरिंगची यूएसबी जोडलेली राहिली तर एकाच रडरला दोन मालक होतात आणि विमान धावपट्टीवर लहर आल्यासारखे वळते. माझ्याकडे गाडीचा आणि विमानाचा असे दोन प्रोफाइल आहेत. विमानाच्या प्रोफाइलमध्ये जी२९ चे सर्व अक्ष मी रिकामे केले आहेत. रडरला मध्यावर अगदी थोडा, दोन टक्क्यांचा डेड झोन, म्हणजे हालचाल मोजलीच जात नाही असा पट्टा, ठेवला आहे. स्प्रिंग नीट ताणलेल्या असल्या की याहून जास्त लागत नाही.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर डोंगर, नद्या आणि गावांची चित्रे उडताना इंटरनेटवरून घेतो, आणि आमच्या गावातले इंटरनेट संध्याकाळी त्याला पुरत नाही. म्हणून मी एक्स-प्लेन १२ वापरतो, त्याची दृश्ये आधीच संगणकात भरलेली असतात. ज्यांना पैसे घालण्याआधी पाहायचे असेल त्यांच्यासाठी फ्लाइटगिअर मोफत आहे. वीज हा वेगळा प्रश्न आहे. यूपीएसशिवाय हा उद्योग इथे करू नये, कारण उतरतानाच वीज गेली की संगणकाचेही नुकसान होते आणि मुलांचा हिरमोडही होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की मी सकाळी साडेसहाला बसतो आणि आठला बंद करतो.

आता पेडलांची खरी परीक्षा. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून बेलोरा हवाई अंतराने सुमारे १४० किलोमीटर आहे आणि सेसनाला त्यासाठी पाऊण तास लागतो. वाटेत वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, आणि उजव्या बाजूला दूरवर सातपुड्याच्या रांगा दिसत राहतात. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची, बेलोऱ्याची १,८५० मीटरची. इतक्या लांब पट्टीवरून निघून आखूड पट्टीवर उतरताना वेगाचा अंदाज आपोआप काटेकोर होतो. मी उजवीकडून धावपट्टीला काटकोनात १२ नॉटचा (ताशी सुमारे २२ किलोमीटरचा) वारा लावून उतरण्याचा सराव करतो. ६५ नॉटच्या वेगाने येताना विमान पट्टीच्या रेषेत राहावे म्हणून नाक वाऱ्याकडे सुमारे साडेदहा अंश वळलेले ठेवावे लागते, म्हणजे पट्टी समोर न दिसता काचेच्या डाव्या भागात दिसते. चाके टेकण्याच्या क्षणी मात्र नाक पट्टीच्या रेषेत पाहिजे, नाहीतर चाके तिरकी घासतात. तेव्हा शेवटच्या काही फुटांत डावा पाय हळूहळू पुढे न्यायचा, उजव्या पायाने त्याला तोलायचे, आणि त्याच वेळी स्टिक उजवीकडे कलवून वाऱ्याने विमान सरकू द्यायचे नाही. गाडीच्या पेडलांवर मला हे दहातून एखाद्या वेळी जमायचे. या पेडलांवर तिसऱ्या आठवड्यापासून ते बहुतेक वेळा जमते, आणि चुकले तर का चुकले हे पायाला कळते.

नववीतली एक विद्यार्थिनी पहिल्यांदा सीटवर बसली तेव्हा तिचे पाय पाट्यांपर्यंत पोहोचले नाहीत. सीट पुढे घेतली, पाठीमागे उशी दिली. तिने उजवा पाय ढकलला आणि लगेच थांबून खाली पाहिले, कारण डावा पाय तिला न विचारता मागे आला होता. “सर, हे दोन्ही एकच आहे का?” असे तिने विचारले. रडर म्हणजे काय हे त्या वर्गाला मी एकदा शिकवले होते. तिला ते त्या क्षणी समजले.

एक मोठी उणीव अजून आहे. खऱ्या विमानात पेडलच्या वरच्या भागावर पंजाने दाबायचे ब्रेक असतात, डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे. सेसना १७२ मध्ये पुढचे चाक पेडलने थोडेच वळते आणि अरुंद जागेत फिरायचे असेल तर एका बाजूचा ब्रेक दाबूनच विमान वळवावे लागते. माझ्याकडे ब्रेक स्टिकच्या ट्रिगरवर आहे, तो दोन्ही चाकांना एकदमच लागतो, त्यामुळे पट्टीच्या टोकाला वळताना विमान गवतात जाते. पाट्यांना खाली बिजागरी, मागे एकेक स्प्रिंग आणि दोन सेन्सर लावून हे करता येईल असे मिस्त्री म्हणाले. त्यांनी पाट्यांची मापे पुन्हा घेतली आहेत, १,८०० रुपये सांगितले आहेत आणि या वेळी तारीखही नीट सांगितली आहे: पेरणी आणि डवरणी आटोपल्यावर, पोळा झाला की दुसऱ्या सोमवारी.